कुत्र्याचं कच्चं मांस आणि मावशीचा डबा

पुण्या-मुंबईच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये पाळीव कुत्र्याला घरीच कच्चं मांस आणि कच्ची हाडं खायला घालण्याची पद्धत रुजू लागली आहे. कुणी त्याला 'रॉ डाएट' म्हणतं, कुणी 'बार्फ'. इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने १९९३ साली यावर पुस्तक लिहिलं. त्याच देशातल्या टॉम लॉन्सडेल या पशुवैद्याने मांसल हाडांचा मुद्दा आणखी जोरात लावून धरला. म्हणणं असं, की पाकिटातलं कोरडं खाणं कुत्र्यावर लादलेलं आहे. त्याचे दात आणि पोट मांस, हाड, काळीज यांसाठीच घडलेले आहेत, तेव्हा त्याला तेच द्या, तेही न शिजवता.

कुत्र्याने हाड चघळण्याला माझा विरोध असण्याचं कारण नाही. राजगृहातल्या फेब्रुवारी १९३४ च्या कौटुंबिक फोटोत बाबासाहेब आणि माता रमाई यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. त्यामुळे 'आंबेडकरवाद्यांना प्राण्यांची दया नाही' असली टिप्पणी करायला कुणी येणार असेल, तर त्याने आधी तो फोटो पाहून यावं. मला बोलायचं आहे ते त्या कच्च्या मांसाच्या भांड्याबद्दल. ते कोण भरतं, कोण धुतं, आणि ते धुणारीला त्याच घरात स्वतःचा डबा उघडता येतो का?

मी घरकामगार बायकांसोबत काम करते. बैठकांमध्ये पगार, सुट्ट्या, चोरीचे खोटे आरोप हे विषय नेहमीचेच. अलीकडे त्यात कुत्र्याच्या मांसाची भर पडली आहे. सहा घरांची कामं करणाऱ्या एका मावशींनी सांगितलं, की एका घरात त्या आठवड्यातून दोनदा कोंबडीच्या माना, पाय, काळीज आणि बड्याचे तुकडे सोलून, कापून, वजन करून डब्यांत भरतात आणि फ्रीझरमध्ये रचतात. रोज सकाळी एक डबा बाहेर काढायचा, दुपारी वाडग्यात घालायचा, कुत्र्याने ते फरशीभर ओढत खाल्लं की फरशी पुसायची, वाडगं घासायचं. घर शाकाहारी. मालकीणबाईंना वासानेच मळमळतं, म्हणून त्या तेवढा वेळ आतल्या खोलीत जातात. त्याच घरात मावशींनी एकदा डब्यात सुकट नेली, तर 'उद्यापासून असलं काही आणू नका, घरात वास राहतो' असं ऐकावं लागलं. तेव्हापासून त्या जिन्यात बसून जेवतात. सांगताना त्या हसत होत्या. "ताई, कुत्र्याचं मटण घरात चालतं, माझी सुकट चालत नाही," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या बाईला बोलायला जागा करून दिली.

आता कुणी म्हणेल, यात जात कुठून आली? मळमळ ही शारीरिक गोष्ट आहे. असेलही. पण ती मळमळ मांस पाहून होते, की मांस खाणारा माणूस पाहून, हे तपासायला हवं. मांसच नको असतं तर ते फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात पाच किलो रचलं गेलं नसतं. म्हणजे मांस घरात येऊ शकतं. ते कापणारे हातही येऊ शकतात, काम संपेपर्यंत. अडतं ते त्या हातांनी घास उचलून स्वतःच्या तोंडात घालण्यापाशी.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावं, त्यांनी वापरलेली भांडी इतरांनी वापरू नयेत, आणि कुत्री व गाढवं हीच त्यांची संपत्ती असावी, अशी आज्ञा आहे. श्वपच या शब्दातच कुत्रा आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात कुत्रा हे आपल्या माणसांना हिणवण्याचं साधन होतं. शंभर वर्षं होत आली. कुत्रा गावकुसाबाहेरून थेट सोफ्यावर पोहोचला, याचा मला आनंदच आहे. त्याच्यासोबत ज्यांना बाहेर ठेवलं होतं ती माणसं मात्र सर्व्हिस लिफ्टपर्यंतच आली, आणि भांडी अजून वेगळीच आहेत. चहाचा वेगळा कप आपल्यापैकी कुणाच्या आईने पाहिलेला नाही?

२०१५ साल या बाबतीत मोठं बोलकं आहे. त्या वर्षी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीला बहुमताचा ठराव करूनही रहिवाशांना कुत्रा पाळण्यापासून रोखता येणार नाही आणि लिफ्टमध्ये पाळीव प्राण्यांना मज्जाव करता येणार नाही, असं त्यांत आहे. चांगलीच गोष्ट आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आणणारा दुरुस्ती कायदा लागू झाला, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. परराज्यातून आणलेलं गोमांस नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा होता. ते कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केलं. म्हणजे एकाच वर्षात कुत्र्याचा लिफ्टमधला हक्क कागदावर आला आणि गरिबाच्या ताटातलं स्वस्त प्रथिन कागदावरून गेलं. राहिलं म्हशी-रेड्याचं मांस. तेच आता 'बफ' या नावाने कुत्र्याच्या डब्यांत जातं. नाव बदललं की प्रतिष्ठा येते, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. वजडी, मुंडी, पाय, काळीज हे आपल्या घरातलं खाणं. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून ते पुस्तकात आणलं, तोवर मराठी पाकपुस्तकांना ते दिसलंही नव्हतं. आता तेच 'ऑर्गन मीट' झालं आहे, आणि त्याचे गुण इंग्रजीतून सांगितले जातात.

या आहाराच्या समर्थकांचा सगळ्यात आवडता युक्तिवाद असा, की कुत्रा म्हणजे मुळात लांडगाच, म्हणून त्याचा आहारही मुळातला हवा. 'मूळ', 'निसर्गाने ठरवलेलं', 'शुद्ध' हे शब्द कुणी आहाराबद्दल वापरले, की आपण कान टवकारले पाहिजेत. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस, तामस आहारांची वाटणी आहेच. कोण काय खातो यावरून तो कोण आहे हे ठरवायचं, आणि कोण आहे यावरून त्याने काय खावं हे ठरवायचं, असं ते गोल फिरणारं तर्कट आहे. विज्ञान वेगळं सांगतं. २०१३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती मोजल्या होत्या. लांडग्यात त्या दोन, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत आढळल्या. माणसाच्या वस्तीत माणसाचं उरलंसुरलं खात खात कुत्रा बदलला. आपल्या गावच्या कुत्र्यांना हे सांगायची गरज नाही. त्यांच्या पिढ्यान्पिढ्या भाकरीच्या तुकड्यावर गेल्या.

आता आहाराचं बघू. समर्थकांत चालणारा ठोकताळा असा, की ८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के अवयव आणि त्यातलं अर्धं काळीज. मोठ्या कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के. म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला रोज चारशे ते सहाशे ग्रॅम. दिसायला सोपं आहे, पण चुकायला जागा बरीच. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. हाडाची भीती वाटून नुसतं बोनलेस घातलं, तर वाढत्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात. काळीज जास्त झालं तर 'अ' जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो. शिजवलेलं हाड काटक्यासारखं चिरतं आणि आतडं फाडू शकतं, म्हणून ते कधीच घालू नये. हे आपल्या वस्तीतही सांगायला हवं. रविवारच्या रश्श्यातली हाडं आपण प्रेमाने दारच्या कुत्र्यापुढे टाकतो. कच्चं हाड तुलनेने मऊ असतं, पण म्हशीची नळी फोडताना कुत्र्याचे दात तुटतात.

आणि जंतू. कच्च्या मांसात साल्मोनेला असू शकतो, आणि फ्रीझरमध्ये ठेवल्याने तो मरत नाही. कुत्रा तो पोटात घेऊन ठणठणीत फिरतो आणि विष्ठेतून बाहेर टाकत राहतो. शेळ्या-मेंढ्या, म्हशी यांच्या यकृतात किंवा फुफ्फुसात हायडॅटिडच्या गाठी असतील, तर त्या कच्च्या खाल्ल्याने कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून हाताला लागून माणसाच्या पोटात गेली, की माणसाच्या यकृतात तशाच गाठी होतात. पुष्कळदा त्या शस्त्रक्रियेनेच काढाव्या लागतात. लहान प्राण्यांच्या डॉक्टरांची 'वसावा' ही जागतिक संघटना कच्च्या मांसाचा आहार देऊ नये असंच सांगते. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनेही २०१२ पासून हीच भूमिका घेतली आहे. त्यातून होणारे म्हणतात ते फायदे ठोसपणे सिद्ध झालेले नाहीत.

यावर मला एकाने विचारलं, 'तुमच्या बायका घरी कोंबडी कापतातच ना? मग इथे काय झालं?' प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देते. घरी कोंबडी कापली की ती कुकरमध्ये जाते आणि जंतू तिथेच मरतात. इथे मांस शेवटपर्यंत कच्चं राहतं. फ्रीझर, ओटा, वाडगं, फरशी, कुत्र्याचं तोंड आणि मग त्याची विष्ठा, असा रोजचा प्रवास असतो, आणि त्यातल्या प्रत्येक थांब्यावर फडकं एकाच बाईच्या हातात असतं. ती गरोदर असू शकते. घरी तिचं तान्हं बाळ असू शकतं. आजारी पडली तर तिचा खाडा कापला जातो. कुत्र्याला जुलाब झाले तर डॉक्टर घरी येतो, तिला झाले तर 'उद्या तरी येणार का?' असा फोन येतो.

जात ही श्रमिकांचीच उतरंड कशी बनवते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवलं. घाण वाटणारं काम खालच्या पायरीवर ढकलायचं, आणि मग ते काम करतो म्हणून त्या माणसाला घाण म्हणायचं. मेलेलं ढोर ओढायला आपल्याला लावलं. मजुरीच्या बदल्यात तेच मांस दिलं. ते खातो म्हणून अस्पृश्य ठरवलं. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असं सांगितलं, ते या साखळीची एक कडी तोडण्यासाठी. आजच्या फ्लॅटमध्ये ढोराच्या जागी झिपलॉकची पिशवी आहे, एवढा फरक.

'तिला नको असेल तर तिने काम सोडावं,' हे उत्तरही ऐकून झालं आहे. सहा घरांतलं एक घर सोडलं तर महिन्याचं भाडं चुकतं, हे ठाऊक असलेलाच माणूस असं बोलू शकतो. आणि आपल्यातल्याही काही कार्यकर्त्यांनी विचारलं, 'एवढे प्रश्न असताना कुत्र्याच्या खाण्यावर लेख?' त्यांना एवढंच विचारते, की तुमच्या आईने, मावशीने आयुष्यभर कुणाच्या ओट्यावर काम केलं?

महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ कायदा आहे. त्यात मंडळ आहे, नोंदणी आहे. बाईला कुठलं काम सांगायचं आणि कुठलं नाही, याबद्दल तो काही म्हणत नाही. घरकामगारांबाबतचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ चा १८९ क्रमांकाचा करार भारताने अजून स्वीकारलेला नाही. तेव्हा जे ठरवायचं ते घरागणिक बोलून ठरवावं लागणार.

आमचं म्हणणं असं. कुत्रा ज्याचा, कच्चं मांस हाताळणं त्याचं. ते जमत नसेल तर मांस नीट उकडून द्या, त्यातलं हाड काढून टाका, अंड्याच्या टरफलाची पूड किती घालायची ते पशुवैद्याला विचारा, आणि कांदा-लसूण अजिबात नको, त्याने कुत्र्याचं रक्त बिघडतं. कुत्रा मजेत राहतो. कच्चंच हवं असा हट्ट असेल आणि बाईने ते करायला होकार दिला असेल, तर हातमोजे, वेगळी सुरी आणि वेगळा पाट मालकाने आणावा. कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचं औषध द्यावं. गरोदर बाईला हे काम सांगू नये. आणि त्याचे पैसे झाडू-पोछ्यात न गुंडाळता वेगळे द्यावेत. जेवायला जागा ओट्याजवळ किंवा टेबलावर, जिन्यात नाही. डब्यात काय आहे हे कुणी विचारू नये.

हे सगळं गेल्या बैठकीत मांडलं, तेव्हा बायकांमध्ये दोन तट पडले. तरुण मुलींचं म्हणणं, हे काम सरळ नाकारायचं, पैसे घेतले की ते आपल्याच गळ्यात कायमचं पडणार. त्या सुकटवाल्या मावशी म्हणाल्या, नाकारून दुसरीच्या गळ्यात पडेल, त्यापेक्षा दर लावा, एवढा लावा की मालकीण स्वतःच कापायला बसेल. आमच्या दरपत्रकात 'कुत्र्याचं मांस' अशी ओळ आता लिहिली आहे. तिच्यापुढचा आकडा पुढच्या महिन्याच्या बैठकीत ठरेल.