आजोबांचा सर्व्हिस नंबर शोधून ठेवा

‘आमचे आजोबा महायुद्धात होते,’ असं सांगणारी घरं सातारा, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरीत पुष्कळ आहेत. पलटण कोणती, लढले कुठे, असं पुढे विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. ते पुढचं शोधायला या महिन्यातच लागा.

दुसऱ्या महायुद्धात 25 लाखांच्या आसपास भारतीय सैन्यात होते, आणि भरती सक्तीची नव्हती. एवढ्या गर्दीत नुसत्या नावावर माणूस सापडत नाही. मराठा पलटणीत एकाच नावा-आडनावाचे किती जण असतील! ओळख पटते ती सर्व्हिस नंबरवरून. जुन्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक आहे का बघा. नसेल तर मेडल उन्हात धरून त्याची कड आणि मागची बाजू वाचा. बहुधा तिथे नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. कृपा करून ते पॉलिशने घासू नका, अक्षरं झिजतात. आफ्रिका स्टार असेल तर 1941 मधली एरिट्रियातली केरेनची लढाई शोधा, तिथे मराठ्यांच्या पलटणी होत्या. इटली स्टार असेल तर सेनिओ नदी शोधा. मराठा पलटणीतल्या शिपाई नामदेव जाधवांनी एप्रिल 1945 मध्ये जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून आणलं ते तिथेच. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

एवढी धावपळ कशाला, असं वाटत असेल तर इराकमधलं बसऱ्याचं युद्धस्मारक आठवा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पडलेल्या साध्या भारतीय शिपायांची नावं त्यावर कोरलीच नाहीत. पलटणीखाली नुसता आकडा आहे. साहेबाच्या सरकारने तसं केलं, त्याचा राग येतो. पण आपल्याही घरात पणजोबांचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

सापडेल ते तसंच लिहा. आजोबा स्वयंपाकी असतील, ड्रायव्हर असतील, खेचरं हाकत असतील. तेच लिहा, त्यांच्या हातात उगाच मशीनगन देऊ नका. पोटासाठी भरती झाले असतील तर तेही लिहा. इंग्रजांच्या फौजेत होते म्हणून आवाज खाली आणण्याचं कारण नाही. सिंगापुरात कैद झालेल्यांपैकी काही आझाद हिंद सेनेत गेले, काही गेले नाहीत. आपल्याला शोभेल ती बाजू त्यांच्या नावावर चढवू नका.

ते स्वतः आता बहुधा नाहीत. घरात कुणी नव्वदीतलं असेल तर आधी तिथे बसा. आजीला, आत्याला लढाईबद्दल विचारू नका. मनिऑर्डर कोण सोडवून आणायचं, पत्र कोण वाचून दाखवायचं, ते परत आले तेव्हा झोपेत ओरडायचे का, हे विचारा. फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा.

आजोबा तिकडेच गेले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. स्पेलिंग चार प्रकारे टाकून बघा, कारण साहेबाने कानाला येईल तसं लिहिलेलं असतं. परत आले असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मराठा लाइट इन्फंट्रीचे असतील तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. अर्जासोबत नंबर, पलटण, गाव आणि नात्याचा पुरावा जोडा. उत्तराला वेळ लागेल. तोवर आत्याकडे जाऊन या.