तब्येतीच्या गोष्टी : अर्धशिशी, पण कोणती?

मागच्या अंकात उन्हाळ्यावर लिहिताना ‘अर्धशिशीवाल्यांनी उपाशीपोटी उन्हात हिंडू नये’ असं एक वाक्य मी जाता जाता टाकलं होतं. त्या एका वाक्यावर जेवढे निरोप आले, तेवढे बाकीच्या सगळ्या लेखावर आले नाहीत. आपल्या मंडळाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तर पन्हं हातात यायच्या आधीच तिघींनी मला गाठलं. एकीचं म्हणणं, “माझं दोन्ही बाजूंनी ठणकतं, म्हणजे अर्धशिशी नाहीच ना?” दुसरीला सायनस आहे असं तिचं तिनेच ठरवलेलं. तिसरी म्हणाली, “डोकं फारसं दुखत नाही, पण घर फिरतं.” तिघींची हकीकत ऐकून मला वाटलं, दुखणी तीन दिसतात, पण घराणं एकच असावं.

घोटाळ्याची सुरुवात नावापासूनच होते. अर्धशिशी म्हणजे अर्धं डोकं. सुश्रुतसंहितेत डोक्याचे ११ रोग सांगितलेत, त्यांतला अर्धावभेदक तो हाच. नाव जुनं आणि नेमकं आहे, पण पुष्कळांचं दुखणं दोन्हीकडे असतं, कधी मानेपासून चढतं, कधी कपाळभर पसरतं. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने २०१८ साली आपल्या वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती काढली. तिच्यात ‘एका बाजूला दुखणे’ हे चार लक्षणांपैकी फक्त एक आहे. बाकीची तीन म्हणजे ठणका लागणे, दुखणं मध्यम ते जोराचं असणे आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीने ते वाढणे. चारांतली दोन पुरतात. शिवाय मळमळ किंवा उलटी हवी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे व्हायला हवेत. औषध न घेता हे ४ ते ७२ तास चालतं आणि असे निदान पाच झटके येऊन गेलेले असावे लागतात.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. मी दवाखान्यात एकच विचारते, “डोकं दुखत असताना तुम्ही काय करता?” ताणाने डोकं दुखणारी बाई कुरकुरत का होईना, पोळ्या लाटून घेते. अर्धशिशीवाली खोलीचा पडदा ओढून, पंख्याचाही आवाज नको म्हणत निजते. तिसरा एक प्रकार असतो, क्लस्टर डोकेदुखीचा. त्यात माणूस एका जागी बसूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो. एकाच डोळ्याभोवती भयंकर दुखतं, तो डोळा लाल होतो, पाणी गळतं आणि पाऊण-एक तासात, फार तर तीन तासांत थांबतं. तो मायग्रेन नव्हे. त्याचं औषधपाणी निराळं.

आता सायनसवाल्यांकडे वळते, कारण इंदुरात या शब्दाचं फार पीक आहे. कपाळ जड, डोळ्यांच्या मागे दाब, नाक थोडं वाहतंय, म्हणजे सायनस! पण मायग्रेनमध्येही चेहऱ्याच्या नसा चाळवल्या जाऊन नाका-डोळ्यांतून पाणी येतं. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, स्वतःला किंवा डॉक्टरांना ‘सायनसची डोकेदुखी’ वाटत होती अशा जवळजवळ ३००० माणसांना तपासलं, तर त्यांतल्या ८८ टक्क्यांची लक्षणं मायग्रेनच्या जातीची निघाली. ताप नाही, नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव नाही, आणि दर महिन्याला तेच ते, तर सायनसवर अँटिबायोटिक घेत राहण्याआधी जरा थांबा.

या घराण्यातल्या ज्या शाखेबद्दल मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ती ऑरावाली. डोकं दुखायच्या आधी, कधी दुखत असतानाही, डोळ्यांपुढे चमचमती नागमोडी रेघ उमटते. लहानशा ठिपक्यातून सुरू होऊन ती कडेकडे पसरत जाते आणि मागे आंधळा पट्टा सोडते. १८७० साली ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरने स्वतःला दिसलेल्या ऑराची चित्रं छापली. ती किल्ल्याच्या बुरुज-तटबंदीच्या नकाशासारखी दिसतात. १९४१ मध्ये कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्याच ऑराची वाटचाल घड्याळ लावून टिपली आणि हिशेब मांडला, की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकतंय. तीनच वर्षांनी लिआओ या ब्राझीलच्या संशोधकाने सशाच्या मेंदूवर तशी संथ लाट प्रत्यक्ष दाखवली. मला ही हकीकत फार आवडते. दोघांनी आपल्याच दुखण्याकडे बघत बसून केवढं काम करून ठेवलं!

त्या संथपणातच निदानाची किल्ली आहे. ऑरा पाच मिनिटं किंवा जास्त वेळ घेत हळूहळू पसरतो. एकेक लक्षण ५ ते ६० मिनिटं टिकतं. आधी डोळ्यांपुढे चमक, मग बोटांत मुंग्या, त्या मनगटावरून ओठांपर्यंत, मग कधी शब्द सापडेनासे होतात. पक्षाघातात सगळं एकदम होतं, आणि बहुतेक वेळा काहीतरी जातं. नजर जाते, ताकद जाते, वाचा जाते. चमक आणि मुंग्या म्हणजे काहीतरी वाढीव दिसणं-जाणवणं, हे ऑराकडे बोट दाखवतं. तरीही आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, तर घरी बसून फरक करत बसू नका. तो फरक दवाखान्यात करायचा.

काही वर्षांपूर्वी एक आई आपल्या २६ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. लग्न तीन आठवड्यांवर. “डॉक्टरकाकू, फोनवरचं नाव वाचताना मधली अक्षरं गायब होतात,” मुलगी म्हणाली. “वीसेक मिनिटांत येतात परत. मग डोकं फुटतं.” आईला वाटत होतं नजर लागली, मावशीला वाटत होतं चष्म्याचा नंबर वाढला. मी तिला एक हात डोळ्यावर ठेवून, मग दुसऱ्या डोळ्यावर ठेवून काय दिसतं ते पुढच्या वेळी बघायला सांगितलं. दोन्ही डोळ्यांनी तीच जागा पुसलेली दिसली, तर गडबड मेंदूच्या दृष्टिकेंद्रात. एकाच डोळ्याला दिसली तर प्रकार वेगळा, रेटिनल मायग्रेनचा किंवा डोळ्याच्या एखाद्या गंभीर आजाराचा, आणि त्याची तातडीने तपासणी लागते. हिचं दोन्हीकडचं निघालं.

पण खरी गोष्ट निघाली ती पर्समधून. लग्नाच्या दिवशी पाळी नको आणि पुढेही वर्षभर मूल नको, म्हणून मैत्रिणीच्या सल्ल्याने तिने औषधाच्या दुकानातून इस्ट्रोजेन असलेल्या संततिनियमनाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. ऑरा असलेल्या मायग्रेनमध्ये पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा वाढलेला असतो, या गोळ्यांनी तो आणखी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन स्पष्ट आहे, की ऑरा असेल तर वय काहीही असो, या मिश्र गोळ्या वापरू नयेत. इस्ट्रोजेन नसलेले दुसरे उपाय आहेत, तांबी आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून तिचा मार्ग बदलला. हे घाबरवायला सांगत नाही. तरुण मुलीत पक्षाघात एकंदरीत विरळाच. पण गणपतीत, लग्नात, यात्रेत पाळी पुढे ढकलायची गोळी आपल्याकडे किती सहज घेतली जाते ते मी बघते, आणि ‘तुला डोळ्यांपुढे काही चमकतं का?’ हे तिला कोणीच विचारत नाही.

घर फिरणाऱ्या तिसऱ्या बाईसारख्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा पुष्कळदा गळ्यात पट्टा असतो. चक्कर म्हणजे मानेचे मणके, असं समीकरण झालंय. कूस बदलली की काही सेकंद गरगरतं आणि मिनिटभरात थांबतं, तो आतल्या कानातल्या खड्यांचा प्रकार, डोकं विशिष्ट तऱ्हेने फिरवून बरा करता येतो. पण गरगरणं पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत चालत असेल, निदान निम्म्या वेळा सोबत उजेड-आवाज नकोसा होत असेल किंवा डोकं ठणकत असेल आणि पूर्वी कधी अर्धशिशी होती असा इतिहास असेल, तर तो व्हेस्टिब्युलर मायग्रेन असू शकतो. डोकं दर वेळी दुखलंच पाहिजे असं नाही. इथेच सगळे फसतात.

मुलांचं तर डोक्याऐवजी पोट दुखतं. बेंबीभोवती दोन तास ते तीन दिवस दुखणं, चेहरा पांढराफटक, खाण्यावरची वासना गेलेली, आणि मधले दिवस पोर ठणठणीत. बालरोगतज्ज्ञांनी पोटाची बाकी कारणं तपासून बाजूला काढली, की अॅब्डॉमिनल मायग्रेनचं नाव घेता येतं. शाळा बुडवायचं नाटक म्हणून धपाटा घालण्याआधी आईच्या किंवा आत्याच्या अर्धशिशीची चौकशी करावी.

पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत, तीनांतल्या दोन महिन्यांत हटकून येणारा तो पाळीचा मायग्रेन. तारखा ठरलेल्या असल्यामुळे त्याच्यावर आधीच तयारी करता येते. अर्धं अंग तात्पुरतं लुळं पडणारा हेमिप्लेजिक प्रकार क्वचित, बऱ्याचदा घराण्यात चालत आलेला. त्याचं निदान मेंदूविकारतज्ज्ञानेच करायचं.

रोज उठून डोकं धरणारे लोक मात्र क्वचित नाहीत. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, त्यांतले ८ दिवस मायग्रेनच्या तऱ्हेची आणि असं तीन महिन्यांहून अधिक काळ, तर तो जुनाट मायग्रेन. त्याच्या मागे बहुधा पर्समधली गोळी दडलेली असते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस, आणि ट्रिप्टान, एर्गोटामिन किंवा मिश्र गोळ्या १० दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेत राहिलात, की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. “मी फक्त अर्धी घेते हो,” असं म्हणणाऱ्यांनी अर्ध्याही मोजाव्यात, कारण मोजायचे असतात ते दिवस. आणि वर्षानुवर्षांची सवय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावी.

कारणं आपापली असतात. उपवास, जागरण, ढोलाचा दणका, अत्तराचा वास. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं मांडली, ज्यांना डोक्यावरून न्हाल्यावर अर्धशिशी उठते. आपल्या आज्या ‘ओले केस बांधून ठेवू नकोस’ म्हणायच्या, ते मला तेव्हा आठवलं.

काही डोकेदुख्यांना मात्र ही नावं लावत बसू नये. विजेसारखी एका क्षणात शिगेला पोचलेली, ताप आणि मान ताठ असलेली, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, डोक्याला मार लागल्यावरची, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने आलेली, किंवा सोबत अंगातलं बळ नाहीतर वाचा गेलेली. यांत त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

बाकीच्यांनी एक शाळेची वही घ्यावी. तारीख, किती वाजता सुरू झालं, किती तास चाललं, आधी डोळ्यांपुढे काय दिसलं, उलटी, चक्कर, पाळीचा दिवस, उपवास, न्हाणं आणि कोणती गोळी किती. निरोप पाठवणाऱ्यांनी ती तीन महिने भरावी आणि आपल्या डॉक्टरांपुढे ठेवावी. झटका थोपवायची आणि तो आल्यावर घ्यायची औषधं ही दोन वेगळी खाती आहेत. त्यांच्याबद्दल पुढच्या अंकात.