युरियाचं पोतं आणि नदीचा हरीम

पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यात मासे मेले की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो येतात. उन्हाळा लागला, नदीचा प्रवाह थांबला, जलपर्णी पसरली की थोड्याच दिवसांत हे फोटो येणार, हे आता ठरून गेलंय. त्याखालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात. साखर कारखान्यांनी मळी सोडली. इचलकरंजीच्या प्रोसेसवाल्यांनी रंगाचं पाणी सोडलं. कोल्हापूरचं सांडपाणी आलं. यातलं काहीच खोटं नाही. नदी मारण्यात या तिघांचा वाटा मोठा आहे आणि त्यांना जाब विचारलाच पाहिजे.

पण त्या यादीत एक नाव कधीच येत नाही. आमचं. नदीकाठी आमच्या चाचांचा ऊस आहे आणि त्या उसाला घातलेल्या खताचा काही भाग त्याच नदीत जातो. ग्रुपवरचे निम्मे लोक त्या उसाच्या पैशावर शिकले. मीही त्यातलाच.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतं, तिथून पंचगंगा निघते आणि नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. या सगळ्या पट्ट्यात काठाला ऊसच ऊस. उसाला नत्र लागतं, ते युरियातून दिलं जातं. दिलेल्या नत्रापैकी साधारण निम्म्याहून कमी पिकाला मिळतं. काही हवेत उडतं, काही मातीत राहतं आणि उरलेलं पाण्याबरोबर निघून जातं. पाट भरून पाणी सोडलं की नायट्रेट मुळांच्या खाली उतरतं, विहिरीत जातं, ओढ्यात झिरपतं. पहिल्या जोराच्या पावसात मातीबरोबर स्फुरदही वाहून जातं. शिरोळकडे अतिपाण्यानं हजारो एकर जमीन क्षारपड झाली. ती सुधारायला जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकतात. जमीन सुधारते, पण पाईपमधून निघणारं खारट, नायट्रेटयुक्त पाणी शेवटी नाल्यातून नदीतच जातं. नदीत पोहोचलेल्या या खतावर जलपर्णी पोसते. ती कुजते तेव्हा पाण्यातला ऑक्सिजन संपतो. मग फोटो येतात.

हे दिसत का नाही? कारण आपण ते मोजत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी करतं. 2022च्या यादीत 311 पट्टे होते, त्यातले 55 महाराष्ट्रातले. सर्वांत जास्त आपल्याच राज्यात. पण पट्टा या यादीत बसतो की नाही, हे ठरतं बीओडीवर, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागतो त्यावर. बीओडीत गटार दिसतं, मळी दिसते. युरिया आणि कीटकनाशकं त्यात दिसत नाहीत. राज्याचं मंडळ जो जलगुणवत्ता निर्देशांक काढतं, तोही सामू, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी आणि कोलिफॉर्म जिवाणू यांवर बेतलेला आहे. नायट्रेट तपासलं जातं, पण नदीला मार्क देताना ते धरलं जात नाही.

कायद्याचंही तसंच. 1974चा जलप्रदूषण कायदा मुख्यतः पाईपच्या तोंडाशी काम करतो. कारखाना असेल तर संमतीपत्र लागतं, नमुना घेता येतो, नोटीस देता येते. शेताला पाईप नसतो. माझ्या कामात प्रोग्रॅम बिघडला तर लॉग उघडून चूक कुठल्या ओळीत आहे ते शोधता येतं. नदीत आलेल्या नायट्रेटवर कुणाच्या गटाचा नंबर लिहिलेला नसतो. हजारो शेतांतून थोडं थोडं आलेलं असतं ते.

दोन वर्षांपूर्वी हे सगळं वाचून मी तावातावानं चाचांशी भांडायला गेलो. शेतावरच बसलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग हिशेब सांगितला. तो हिशेब मी नंतर माझ्या पद्धतीनं मांडून बघितला. अडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी साधारण 160 किलो. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात नत्र 46 टक्के, म्हणजे जवळपास 21 किलो. सगळं नत्र युरियातून द्यायचं म्हटलं तरी आठ पोती पुरतात. चाचा बारा टाकत होते.

“चाचा, चार पोती जास्तीची का?”

“अरे, पोतं दोनशे सहासष्टला मिळतं. चार पोत्यांचे हजार रुपये. एक टन ऊस तीन हजाराला जातो. त्या चार पोत्यांनी अर्धा टन जरी वाढला तरी माझा फायदा, आणि नाही वाढला तर हजारच गेले. तू तुझ्या गाडीचा विमा काढतोस ना? हा माझा विमा.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गणित बरोबर होतं. त्यांना मिळणारा भाव तसाच ठरवलेला आहे. युरियाची किंमत सरकारनं 45 किलोला 242 रुपयांवर बांधून ठेवली आहे. कर आणि निंबोळी लेप धरून ती 266 होते. डीएपीचं 50 किलोचं पोतं 1350ला पडतं. 2010 साली पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आलं तेव्हा युरिया त्यातून बाहेर ठेवला गेला. खतांच्या अनुदानावर देश अलीकडे वर्षाला दीड लाख कोटींहून जास्त खर्च करतो. म्हणजे जमिनीला काय हवं हे माती तपासून ठरण्याऐवजी दुकानात काय स्वस्त आहे त्यावर ठरतं. जास्तीच्या चार पोत्यांचे हजार रुपये चाचा देतात, त्याहून कितीतरी जास्त सरकार देतं, आणि उरलेली किंमत नदीकडून वसूल होते. ती भरतो नदीत जाळं टाकणारा आणि खालच्या गावात विहिरीचं पाणी पिणारा. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे. त्याच्यावर गेलं की तान्ह्या बाळांच्या रक्तातून ऑक्सिजन वाहणं अवघड होतं.

म्हणूनच मला वाटतं, हा प्रश्न शेतकऱ्याच्या अज्ञानाचा कमी आणि राजकारणाचा जास्त आहे. हे राजकारण चुकीच्या पद्धतीनं केलं की काय होतं, हेही जगानं पाहिलंय. श्रीलंकेनं 2021मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली. भाताचं उत्पादन पडलं, शेतकरी रस्त्यावर आला, काही महिन्यांतच बंदी मागे घ्यावी लागली. नेदरलँड्समध्ये 2019च्या न्यायालयीन निकालानंतर नत्र कमी करण्याचे आराखडे आले, शेतकऱ्यांना वाटलं आपल्याला गुन्हेगार ठरवतायत, ट्रॅक्टर रस्त्यावर आले आणि 2023च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांचा नवा पक्ष सर्वांत मोठा ठरला. शहरातून आलेलं आणि शेतकऱ्याला आरोपी करणारं हरित राजकारण शेवटी नदीच्याच विरोधात मतं गोळा करून देतं.

डेन्मार्कची गोष्ट वेगळी आहे. 1986च्या शरद ऋतूत तिथे समुद्रात ऑक्सिजन संपून मेलेले लॉब्स्टर टीव्हीवर दिसले. पुढच्याच वर्षी संसदेनं पाण्याच्या रक्षणाचा आराखडा मंजूर केला. शेणखत साठवायचे नियम, प्रत्येक शेताचा खताचा हिशेब, सोबतीला सल्ला. शेतातून वाहून जाणारं नत्र पुढच्या साधारण दोन दशकांत जवळपास निम्म्यावर आलं. काम अजून संपलेलं नाही. 2024मध्ये सरकार, शेतकरी संघटना आणि निसर्गवादी संस्था एका टेबलावर बसून नवा करार झाला. त्यांच्याकडे मेलेले लॉब्स्टर एकदा दिसले आणि कायदा झाला. आपल्याकडे मेलेले मासे परत परत दिसतात आणि ग्रुपवर फोटो येतो.

आता आपल्याबद्दल. बैठकीत नदीचा विषय काढला की कुणीतरी म्हणतं, “आधी आपले प्रश्न बघूया.” त्याची चीड मला कळते. घर भाड्यानं मिळत नाही, नाव ऐकून मुलाखतीत चेहरे बदलतात, अशा वेळी नायट्रेट कुणाला सुचणार? पण पश्चिम महाराष्ट्रातला मुलाणी, शिकलगार, बागवान, मुजावर त्याच गावात राहतो, त्याच नळाचं पाणी पितो. औषध फवारायला जाणारा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या रानात राबणारा मजूर असतो. 2017मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं मेली, ती आठवा. हे आपले प्रश्न नसतील तर मग आपले प्रश्न कोणते? आपण फक्त मुसलमान म्हणूनच बोलावं असं ज्यांना वाटतं, त्यांची सोय आपण का करायची?

माझ्या मामेभावानं ग्रामसभेत विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट विचारलं तेव्हा मागून आवाज आला, “तुला काय करायचंय त्यात?” तो खाली बसला नाही. म्हणाला, “पाणी पितो, म्हणून विचारतोय.” नागरिकत्वाची याहून साधी व्याख्या मला माहीत नाही.

आणि आपल्या परंपरेत याला जागा नाही असंही नाही. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, हे मकतबात शिकवलेलं सगळ्यांना आठवत असेल. फिक्हमध्ये त्याहून नेमकी एक कल्पना आहे : हरीम. विहीर, कालवा, नदी यांच्या भोवतीचा राखीव पट्टा. त्या पट्ट्यात पाण्याला बाधा येईल असं काही करायचं नाही. विहिरीसाठी चाळीस हातांचं माप हदीसमध्ये येतं. आजचे शास्त्रज्ञ नदीकाठी गवताचा, झाडांचा, खत न टाकलेला पट्टा सोडा म्हणतात, कारण तो वाहून येणारी माती आणि खत अडवतो. गोष्ट तीच आहे. मात्र आपलं अंगणही आधी झाडायला हवं. चिकनच्या दुकानाची पिसं नि आतडी आणि बकरी ईदचा कचरा ओढ्यात टाकून हरीमवर भाषण देता येणार नाही.

मग मागायचं काय? पहिलं, नदीच्या यादीत आणि निर्देशांकात नायट्रेट आणि कीटकनाशकं धरा. दुसरं, अनुदान पोत्याला देण्याऐवजी माती तपासणाऱ्या, ठिबक बसवणाऱ्या, पाचट कुजवणाऱ्या शेतकऱ्याला द्या. तिसरं, काठावरचा पट्टा सोडणाऱ्याला त्या जमिनीची भरपाई द्या. चाचांनी दोन सऱ्या फुकट का सोडाव्यात? आणि हे सगळं कारखान्यांना, महापालिकांना सूट न देता.

एवढ्यावर थांबायचीही गरज नाही. जलजीवन मिशनमधून ग्रामपंचायतींना पाणी तपासायचे संच मिळालेत, त्यात नायट्रेटची चाचणी असते. तुमच्या गावातला संच कुठल्या कपाटात आहे ते शोधा. उन्हाळ्यात एकदा आणि पहिल्या पावसानंतर एकदा तपासा, आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा. घरच्या रानाची माती तपासून घ्या. चाचांनी घेतली. गेल्या लागणीला त्यांनी नऊ पोती टाकली. “तू म्हणतोस म्हणून नाही, कागद म्हणतो म्हणून,” असं मला बजावलं. चालेल.

कुरुंदवाडच्या मशिदींत गणपती बसतात, त्याचे फोटो आपण दरवर्षी अभिमानानं शेअर करतो. करायलाच हवेत. ते गाव पंचगंगेच्या काठावर आहे, तेरवाडचा बंधारा तिथून जवळ आहे. सलोख्याचा फोटो आणि मेलेल्या माशांचा फोटो एकाच नदीकाठचे आहेत. पहिला आपण जपला. आता दुसऱ्यासाठी एकत्र बसायला हवं, आणि त्या बैठकीचं बोलावणं या वेळी आपल्याकडून जायला हवं.