कृपा आणि कानउघाडणी

मोक्ष यत्नानें साध्य कीं केवळ ईश्वरकृपेनें, हा वाद आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. वानरीचें पिलूं आईस स्वतः बिलगतें. मांजरीचें पिलूं निश्चेष्ट असून आईच त्यास तोंडांत धरून नेते. श्रीवैष्णवांतील हे दोन न्याय सर्वश्रुत आहेत. ख्रिस्ती धर्मांत हाच तंटा पांचव्या शतकांत मोठ्या कडाक्यानें माजला.

पेलाजियस नांवाचा ब्रिटनकडील संन्यासी म्हणे, देवानें आज्ञा केली त्या अर्थीं ती पाळण्याचें सामर्थ्य मनुष्यांत असलेंच पाहिजे. उत्तर आफ्रिकेंतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याचें म्हणणें, आदिपापामुळें मनुष्याची इच्छाच रोगट झाली आहे. सत्कर्माची नुसती इच्छा होण्यासही आधीं कृपाच हवी. इ. स. ४१८ च्या कार्थेजच्या धर्मसभेनें पेलाजियसचें मत त्याज्य ठरविलें.

खरी मौज पुढेंच आहे. हाड्रुमेटम (आजच्या ट्युनिशियांतील सूस) येथील मठांत कोणीं शंका काढली: सर्वच कृपाधीन, तर चुकल्याबद्दल आम्हांस रागें कां भरावें? आमच्यासाठीं प्रार्थना करावी म्हणजे झालें! गृहपाठ न केलेल्या विद्यार्थ्यास हा युक्तिवाद सुचत नाहीं, हें शिक्षकवर्गाचें भाग्यच म्हणावयाचें.

ऑगस्टीननें यावर ४२६-२७ च्या सुमारास स्वतंत्र ग्रंथच लिहिला. कृपा कोणावर व्हावयाची हें रागें भरणाऱ्यास ठाऊक नसतें. म्हणून त्यानें प्रेमानें सर्वांचीच कानउघाडणी करावी, तिच्याच द्वारें कृपा कार्य करील, असा त्याचा निर्वाळा. उत्तर चतुर खरें. परंतु ज्यास कृपा लाभलीच नाहीं त्याचा अपराध कोणता, ही गांठ आमच्या मतें त्यानें सुटत नाहीं. १५२४ मध्यें इरॅस्मसनें इच्छास्वातंत्र्याचा पक्ष घेतला आणि पुढल्याच वर्षीं ल्यूथरनें त्यास खरमरीत उत्तर दिलें, तें याच गांठीवरून.