खांदा रेल्वेसाठी झिजला, रजा मात्र कामगाराची!

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटमागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आमचा एक ट्रॅक मेंटेनर उजवा हात झोळीत अडकवून बसला आहे. मूळचा बेळगावकडचा, नोकरी बावीस वर्षांची. खांद्याचा फाटलेला स्नायुबंध डॉक्टरांनी शिवून हाडाला जोडला. रात्री आडवे होता येत नाही म्हणून तो उशांना टेकून बसल्या बसल्या झोपतो. सदऱ्याची बटणे बायको लावते. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याने दुखण्याचे नावही काढले नाही. एवढेच म्हणाला, "अण्णा, हाफ पे लीव्ह संपत आली. पुढं कसं?"

आमचा प्रश्न हाच आहे. हा खांदा कोणाच्या कामाने गेला? आणि रजा कोणाच्या खात्यातून जाते आहे?

रुळावरचे वजन बाबूलोकांना ठाऊक नसेल तर आम्ही सांगतो. 60 किलोची रेल म्हणजे मीटरला 60 किलो. तेरा मीटरची एक रेल 780 किलो भरते. यंत्रे आली हे खरे, पण रात्री दोन वाजता रेल तुटल्याचा निरोप आला की यंत्राच्या आधी गँग पोहोचते. अशाच एका रात्री तुकडा उचलताना या साथीच्या खांद्यात कळ आली. मेटला सांगितले, तर "बाम लाव" म्हणून सल्ला मिळाला. नोंद कोणी केली नाही. तो महिनाभर तसाच घण मारत राहिला. शेवटी हात डोक्याच्या वर जाईना, तेव्हा दवाखाना दिसला.

आता कार्यालय म्हणते, ही ड्युटीवरची इजा नव्हे, ही वयाची झीज आहे. वा! वय काय फक्त गँगमनलाच होते? टेबलामागे बसणाऱ्याचेही वय वाढतेच की! त्याचा खांदा का फाटत नाही?

आणि क्षणभर मानू की थोडी झीज वयाची आहे. तरी नियम काय सांगतो? सातव्या वेतन आयोगानंतर हॉस्पिटल लीव्ह आणि स्पेशल डिसॅबिलिटी लीव्ह एकत्र करून 'वर्क रिलेटेड इलनेस अँड इंज्युरी लीव्ह' आली. कामामुळे झालेले दुखणे तिच्यात येते, तसेच कामामुळे वाढलेले दुखणेही येते. 'वाढलेले' हा शब्द नियमातच आहे, आमच्या पदरचा नाही. या रजेत रुग्णालयात असेपर्यंत पूर्ण पगार व भत्ते मिळतात, त्यानंतर सहा महिने पूर्ण पगार व भत्ते, आणि पुढे बारा महिने अर्धा पगार. स्वतःच्या खात्यातली रजा पहिल्या सहा महिन्यांत खर्चायची गरजच नाही. पण हे त्या साथीला कोणी सांगितले? कोणीच नाही. साध्या सिकमध्ये घालून त्याची हाफ पे कापत राहिले.

खांद्याच्या अशा शस्त्रक्रियेनंतर हात चार ते सहा आठवडे झोळीत राहतो. मग व्यायाम सुरू होतो. जड काम झेपायला सहा महिने किंवा त्याहून जास्त लागतात. घाईने ओझे उचलले तर शिवलेला बंध पुन्हा फाटतो. म्हणून "घरी बसून पगार खातो" असे म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे आहे, तो घरी बसून तुमचाच मोडलेला अवजार दुरुस्त करतो आहे. इंजिन शेडमध्ये उभे असले तर त्याला कोणी आळशी म्हणत नाही. आणि या दुरुस्तीत बायकोची पदरमोड होते, तिचा रोजगार बुडतो, त्याचा हिशेब तर कोणत्याच फायलीत नाही.

विश्रांती ही कोणाची मेहेरबानी नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी 1890 साली मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. 1974 च्या मे महिन्यात रेल्वे कामगार संपावर गेला, तेव्हा कामाचे तास हाही मोठा प्रश्न होता. मालकाने आपणहून कधी काही दिलेले नाही.

आता थोडे आमच्याविषयीही बोलू. बोनस, महागाई भत्ता, पेन्शन यांवर आम्ही घसा कोरडा करतो, आणि तो केलाच पाहिजे. पण मागण्यांच्या सनदेत खांदा, गुडघा, कंबर कधी आली? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2010 च्या यादीत स्नायू व सांध्यांच्या आजारांना व्यवसायजन्य आजारांत जागा दिली. आपल्याकडे 1923 च्या भरपाई कायद्यापासून 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेपर्यंत तिसऱ्या परिशिष्टात ओझ्याने फाटलेला खांदा नावानिशी नाही. आम्ही तो घालायला लावला नाही. हा दोष आमचा.

आर.एम.एस.मध्ये थैल्या उचलणाऱ्या साथींनो, हे तुमचेही दुखणे आहे. ग्रामीण डाकसेवकाला आणि ठेकेदाराच्या मजुराला तर ही रजाही लागू नाही. त्यांचा खांदा काय लोखंडाचा आहे?

म्हणून आमचे म्हणणे असे. कळ आली त्याच पाळीत लेखी कळवा आणि पोच घ्या. सिकमध्ये जाताना दुखणे ड्युटीवरचे आहे हे अर्जात लिहा. पुरता बरा होण्याआधी फिटवर सही करू नका. हात कायमचा अधू झाला तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 20 दाखवा. त्यानुसार नोकरीतून काढता येत नाही, दर्जा उतरवता येत नाही, आणि दुसरी जागा दिली तर तीही त्याच वेतनश्रेणीत द्यावी लागते. आणि शाखांनी पुढच्या सनदेत हा विषय घातलाच पाहिजे.

शिवाजीनगरच्या साथीचा रजा बदलून मिळण्याचा अर्ज आम्ही त्याच खोलीत बसून लिहिला. सही त्याने डाव्या हाताने केली, वेडीवाकडी. तीच सही घेऊन आम्ही कार्यालयात जाणार आहोत. एकटे जाणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!