आळस नव्हे, गरज



‘क्लच दाबायचा कंटाळा म्हणून लोक ऑटोमॅटिक घेतात’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत अन्यायकारक आहे. संध्याकाळी सिंहगड रस्त्याच्या कोंडीत तासभर क्लच दाबत-सोडत बसावे लागले, की गुडघेदुखी असलेल्यांना हा हौसेचा प्रश्न उरत नाही. २०१४मध्ये भारतात मारुतीच्या सेलेरिओतून आलेल्या एएमटीने (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) क्लचविना चालवण्याची सोय छोट्या गाडीत स्वस्तात आणली. एएमटीत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्रणा करते.

घाटात ऑटोमॅटिक चालवण्याबद्दलची त्या पत्रलेखकाची काळजी मात्र रास्त आहे. ताम्हिणी घाट उतरताना गाडी ‘डी’वर (ड्राइव्ह) ठेवून नुसते ब्रेक दाबत राहिले, तर ते तापून निकामी होऊ शकतात. ते टाळण्यासाठी एएमटीतही ‘एम’ (मॅन्युअल) निवडून खालचा गिअर टाकता येतो. ड्रायव्हिंग स्कूलांनी हे शिकवलेच पाहिजे.

— एक वाचक, पुणे