गर्भवतीच्या शरीराचा जमाखर्च

मिरजेला वैद्यकीय नगरी हा लौकिक मिळाला, त्याचा पाया डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये उभारलेल्या रुग्णालयाने घातला. या नगरीच्या शिवेपलीकडे कृष्णाकाठी उसाचे फड आहेत. हंगामात बीडकडून आलेली ऊसतोड करणारी कुटुंबे तेथे उतरतात आणि त्यांतील गर्भवतीही डोक्यावरून मोळ्या वाहतात. वजन वाढते आहे ना, मग सारे ठीक, एवढ्यावर अशा स्त्रीची विचारपूस संपते.

वस्तुतः वजनाचा आकडा एक असला तरी त्यात खाती अनेक असतात. पोटभर खाणाऱ्या निरोगी स्त्रीचे वजन गरोदरपणात सरासरी साडेबारा किलोंनी वाढते. त्यात मूल, वार आणि गर्भजल मिळून पाच किलोही भरत नाहीत. उरलेले गर्भाशय, स्तन, रक्त, पाणी आणि चरबी यांचे. रक्तद्रव जवळजवळ निम्म्याने वाढतो, तांबड्या पेशी त्या मानाने कमी. म्हणून रक्त पातळ होते आणि हिमोग्लोबिनची किमान मर्यादा 12 ऐवजी 11 ग्रॅम धरतात. (या सवलतीआड खरा पंडुरोग झाकला जाऊ नये, हे वेगळे सांगावयास हवे काय?) चरबी तीन-चार किलो, आणि ती साठते प्रामुख्याने चौथ्या ते सातव्या महिन्यांत. ही शरीराची बचत होय. अखेरचे महिने आणि अंगावरचे दूध यांसाठी केलेली.

बचत शिलकीतून होते. दिवसभर कोयता चालविणाऱ्या स्त्रीपाशी शिलक कोठून येणार? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी 1990 च्या दशकात नजीकच्या सहा खेड्यांत केलेल्या पाहणीत ज्या मातांचे श्रम अधिक, त्यांची बाळे लहान आढळली. ती बाळे स्नायूंनी हडकुळी होती. चरबी मात्र त्यामानाने राखलेली. पुढील आयुष्यातील मधुमेहाचे मूळ संशोधक येथेच शोधतात.

संघटित क्षेत्रातील स्त्रीची पगारी रजा 2017 मध्ये 26 आठवडे झाली. ऊसतोड करणारीने विश्रांती घेतली तर खाडा लागतो. पहिल्या अपत्यासाठी केंद्राच्या मातृवंदना योजनेतून 5,000 रुपये मिळतात. पैकी 2,000 प्रसूती होऊन मुलाचे लसीकरण सुरू झाल्यावर. तोवर बचतीचे महिने सरलेले असतात! ही रक्कम चौथ्या महिन्यातच एकरकमी हाती पडली पाहिजे. आणि मजुरी जोडप्याची, म्हणजे एका कोयत्याची, मोजली जात असल्याने, त्या महिन्यापासून मोळी न वाहताही कोयत्याची मजुरी पुरी देण्याचे दायित्व मुकादमावर न ढकलता कारखान्यांनी उचलले पाहिजे.